साडेतीन आण्यांचा झेंडा

२७ जानेवारी १९५५

— आणि छबूबाई तिकीट सोडायला तयार नाही!

मी पाकिटासाठी हात पुढे केला. तिनं मूठ मिटली.

"पाकीट कसलं?"

"तिकीट पत्राला लावायचं असतं, बाई."

"कुणाला लिवू पत्र? माझं समदं हितंच हाय. पोरगा हितं, म्हैस हितं. मालक वर गेलं. तिकडं जातंय का तुमचं टपाल?"

ओट्यावरचे लोक हसले. ती हसली नाही. तिकीट पदराच्या टोकाला बांधलं. मग सोडलं — चुरगळेल म्हणून. तळहातावर ठेवलं, वर दुसरा हात आडोशाला धरला आणि निघाली. वाऱ्यातून निरांजन नेतात तशी.

तिच्यामागून आणखी सहा जण आले. सहाही जण तिकिटं घेऊन घरी गेले. पेटीत एक पत्र नाही.

चूक माझी आहे. ही तिकिटं मोठ्या ऑफिसातून आली. स्वतंत्र देशाचं पहिलं तिकीट, सात वर्षांपूर्वीचं. ढगांपुढे फडकणारा झेंडा, वर जय हिंद. परदेशी टपालासाठी काढलेलं. आमच्या गावातून परदेशी कोण लिहिणार? कपाटात उरलेली, ती शाळेतल्या आमच्या नव्या पोस्टाच्या माथी मारली. इथं शाळामास्तर मीच आणि पोस्टमास्तरही मीच. काल सव्वीस जानेवारी. शाळेवर झेंडा चढवल्यावर मी ती सगळ्यांना दाखवली. म्हणालो, "शाळेवरचा झेंडा एकच. पण हा झेंडा आपल्यातल्या प्रत्येकाच्या घरी जाऊ शकतो."

पत्रातून जाऊ शकतो, असं म्हणायचं होतं. वाक्य डौलात संपलं म्हणून तिथंच थांबलो. कॉलेजात दोन वर्षं वाङ्मय शिकल्याचा परिणाम!

३० जानेवारी

रविवार. शाळा नाही, पोस्ट नाही. गावातून फिरलो. रागावायचं ठरवून निघालो होतो.

छबूबाईच्या देव्हाऱ्यात खंडोबाच्या चांदीच्या टाकाशेजारी तिकीट उभं. खाली मूठभर तांदूळ, मागे टेकायला सुपारी. हळदकुंकू मात्र कडेला, कागदाच्या पांढऱ्या किनारीवर. "रंग बिघडतील न्हवं," म्हणाली.

यशवंतराव पाटलांनी दाराच्या वरच्या चौकटीला लावलंय, कणकेच्या खळीनं. जरा तिरकं बसलंय. हे त्यांना मी सांगितलं नाही.

करीमचं रस्त्याच्या कडेला सायकल दुरुस्तीचं दुकान. त्यानं स्वतःच्या सायकलीच्या दिव्यावर डकवलंय.

"मंत्र्याच्या मोटारीवर झेंडा असतो, मास्तर. आमच्या सायकलीनं काय घोडं मारलंय?"

"पावसात जाईल."

"पाऊस जूनमधी येतो. तोवर मी मंत्री."

सोपानरावांचं टोपीच्या आत, कपाळाला लागतं तिथं. सोपानराव रोज टपालाची थैली घेऊन पायी चाकणला जातात, तिथली घेऊन परत येतात. "येता-जाता माझ्यासंगं असतंय," म्हणाले.

रागावलो नाही.

४ फेब्रुवारी

चौपन्न तिकिटं आली होती. चौपन्न घरांत गेली. उरलेल्या आठ घरांनी माझ्यावर नाराजी धरली आहे.

सोपानराव म्हणतात, "गुरुजी, मोकळी थैली न्यायची लाज वाटती. वाटंत कुनी दिसलं की मी ती जड असल्यागत धरतो."

आज थैलीत दोन कार्डं.

१७ फेब्रुवारी

डाक इन्स्पेक्टर आले. पन्नाशीचे, सायकलीवर, कोटाला धूळ. शाळेच्या बाकावर बसले, वर्षाचं काम पाहू लागले. पोस्ट आम्हाला वर्षाच्या बोलीवर मिळालं आहे. ३१ मार्चला वर्ष भरतं. पुरेसं टपाल दिसलं तर पुढे चालू, नाहीतर बंद.

त्यांचं बोट एके ठिकाणी थांबलं.

"साडेतीन आण्यांची चौपन्न? या गावात?"

"हो."

"पत्रं कुठायत?"

"पत्रं नाहीत. तिकिटं घरोघर आहेत. देव्हाऱ्यात, दारांवर."

त्यांनी चष्मा काढला. पुसला. "मास्तर, नवं पोस्ट टिकावं म्हणून पोस्टमास्तर स्वतःच तिकिटं घेतात. खप दिसतो. बावीस वर्षं पाहतोय. पकडला की प्रत्येक जण एक गोष्ट सांगतो. तुमची जरा बरी आहे."

"चला, दाखवतो. दोन मिनिटांवर आहे पहिलं घर."

"लोकांच्या भिंती तपासणं माझं काम नाही. पत्रावर तिकीट दिसलं, त्यावर शिक्का बसला, की मी मानतो. तोवर संशय."

मुदत ३१ मार्च. नाहीतर पोस्ट बंद, आणि माझी चौकशी. आवाज चढवला नाही त्यांनी. चहा घेतला, कप स्वतः विसळून ठेवला. जाताना म्हणाले, "मलाही वाईट वाटेल हो."

वाटेल, असं दिसत होतं.

१८ फेब्रुवारी

यशवंतरावांना सांगितलं. सारं ऐकून घेतलं. मग घरातून विळी आणली, स्टूल मांडलं, दारावरचं तिकीट खरवडायला चढले. रुक्मिणीबाई — त्यांची मंडळी — उंबऱ्यात आल्या.

"दारावरचा झेंडा उतरवताय? आन् गावाला काय सांगू? पाटील भ्याले म्हनू?"

स्टुलावरून उतरले. विळी आत नेऊन ठेवली.

या माणसाला पोस्ट किती हवंय ते मला माहीत आहे. पोस्ट येण्याआधी गावाचं टपाल चाकणहून बाजारच्या दिवशी कुणीतरी आणायचं. दोन वर्षांपूर्वी छबूबाईच्या ज्योतीरामला नोकरीचं बोलावणं आलं. ते आठ दिवस एका सदऱ्याच्या खिशात राहिलं. सदरा धुवायला काढला तेव्हा सापडलं. जागा गेली होती. सदरा यशवंतरावांचा. गावात हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी बोलत नाही. त्यानंतर त्यांनी पोस्टासाठी अर्ज करायला सुरुवात केली. अकरा अर्ज. सगळे मीच लिहिले.

२० फेब्रुवारी

चावडीवर सगळ्यांना बोलावलं. सरळ सांगितलं. पोस्ट टिकवायचं असेल तर घरात लावलेली तिकिटं काढून आणा, पत्रं लिहा. मी लिहून देतो. तिकीट लावू, शिक्का मारू, पाठवू.

"शिक्का म्हंजी?"

शिक्का सोबत नेला होता. शाईच्या गादीवर दाबला आणि टीपकागदावर मारला. काळं, गोल, ठसठशीत.

पुढे बसलेले मागे सरकले.

छबूबाई उभी राहिली. "झेंड्याला काळं फासनार तुमी?"

नियम माहीत आहे. तिकीट पुन्हा वापरता येऊ नये म्हणून शिक्का. हे तिलाही कळतं. ती ते विचारत नव्हती.

माणसं उठून गेली. करीम शेवटी निघाला.

"सगळं बराबर बोललात, मास्तर. फक्त शिक्का दाखवायला नको होता."

२३ फेब्रुवारी

कागदावर तीन रंगांचे पट्टे काढले. त्यावर शिक्का मारून पाहणार होतो. हात वरच राहिला. म्हणजे मी त्यांना जे सांगतो आहे ते मलाच जमत नाही.

८ मार्च

होळी. थैलीत काही नाही. सोपानराव तरी गेले.

१५ मार्च

ज्योतीरामला पत्र!

पिंपरीला औषधाचा नवा कारखाना उभा राहतोय, तिथून. परवा सकाळी हजर राहा. सोपानराव चाकणहून परतले तेव्हा अकरा वाजले होते. मी शाळा तशीच सोडून छबूबाईचं घर गाठलं. ज्योतीराम म्हैस धूत होता. ओल्या हातानं पत्र घेईना. पंच्याला हात पुसतच राहिला.

छबूबाईनं विचारलं, "आज आलं?"

"आत्ता."

"आन् आज दिलं?"

"आत्ताच की!"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग आत गेली. चहा आणेल असं वाटलं, आणला नाही. बाहेरच आली नाही.

१९ मार्च

ज्योतीरामला घेतलं. सध्या हंगामी. रोज सायकलीवर जाणार. सायकल करीम देतोय, दिव्यावरच्या झेंड्यासकट. "मंत्रिपद सोडलं," म्हणाला.

सगळं चांगलं चाललंय. आणि पोस्ट बारा दिवसांनी बंद होणार.

२६ मार्च

सकाळी छबूबाईनं बोलावणं धाडलं. "शिक्का घेऊन या," एवढाच निरोप.

गेलो. घर सारवलेलं. ती न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून देव्हाऱ्यापुढे बसलेली. शेजारच्या तिघी-चौघी, दारात बाप्ये. पाटावर वाटीत दहीपोहे.

"गुरुजी, मी इचार केला. भादव्यात गनपती आनतो. पुजतो. मग उत्तरपूजा करतो आन् आख्खा नेऊन पान्यात घालतो. त्यो रागावतो व्हय?"

"नाही."

"मंग ह्यो तर नुसता चाकनला चाललाय!"

दारातले हसले. या वेळी तीही हसली.

हात जोडले. दहीपोह्यांचा नैवेद्य दाखवला. तिकिटावर अक्षता टाकल्या, चिमूटभर, अलगद. मग एका बोटानं तिकीट जागेवरून ढकललं — तांदळाच्या दाण्याएवढं. गणपती हलवतात तसंच.

"झालं. आता ह्यो देव न्हाई. तिकीट हाय. लावा."

मी पाकीट काढलं. तिकिटामागचा डिंक जिभेनं ओला करायची आमची सवय. तिनं माझा हात धरला. "उष्टं नगं." भांड्यातल्या पाण्यात बोट बुडवून दिलं.

"पत्र कुणाला?"

बायका तिच्याकडे बघेनात. मला वाटतं, त्यांना माहीत होतं.

"दुर्गीला."

दुर्गाबाई, तिची धाकटी बहीण, नारायणगावला. नऊ वर्षं बोलणं नाही. आईच्या तेराव्याला दुर्गाबाईनं हिला शेवटच्या पंगतीला बसवलं. पोळ्या संपल्या होत्या. एवढंच. नऊ वर्षं!

"काय लिहू?"

"लिवा — आमी खुशाल. ज्योतीराम पिंपरीला लागला. म्हैस व्याली, रेडी झाली. तुमी खुशाल असावं."

"आणखी?"

तिनं दारातल्या गर्दीकडे पाहिलं. "बास एवढं."

पाकीट पाटावर ठेवलं. शिक्का गादीवर दाबला. सगळे पुढे वाकले. छबूबाईनं डोळे मिटले नाहीत, म्हणून मीही मिटले नाहीत. मारला.

"नीट बसला का?"

"बसला."

"वाचता येतंय का आपल्या गावाचं नाव?"

पुसट नव्हतं. वाचून दाखवलं. झेंड्यावर आमच्या गावाचं नाव, तारीख. ते काळं म्हणजे आपल्याच गावाचं नाव, हे मला आजवर सुचलं नव्हतं.

घरोघर दहीपोहे वाटले तिनं.

२८ मार्च

दोन दिवस नुसता लिहितोय. बोटं दुखतात. शाळेतली वरच्या वर्गातली मुलं वाचू शकतात, पण पत्र त्यांच्याकडून लिहून घ्यायला कुणी तयार नाही. "पोरांला घरातलं कळतं."

घरोघर उत्तरपूजा चालल्या आहेत. कुणी दही, कुणी गूळ. भिंतीवरनं काढलेल्या तिकिटांना मागून चुना लागून येतोय, एकाला शेण. सोपानरावांचं टोपीतलं तेलानं आरपार दिसायला लागलंय. बाभळीचा डिंक लावून बसवलं.

करीमनं चौकात सायकल उभी केली.

"छबूमावशी, आमी काय करायचं? आमच्यात उत्तरपूजा नाय."

"तू सलाम कर आन् काढ."

त्यानं पाय जुळवले. कडक सलाम ठोकला — सायकलीच्या दिव्याला! चौक टाळ्या वाजवत होता. मग ओल्या फडक्यानं तिकीट सोडवलं. सोडवताना हसत नव्हता. पत्र भुसावळला, थोरल्या भावाला, मन्सूरला. "लिहा — अम्मीची खाट अजून तुझ्याच जागेवर टाकतो."

मला वाटायचं, या लोकांना लिहायला कुणी नाही. बावन्न पत्रं झाली. एकानंही विचार करायला फार वेळ घेतला नाही. नावं तयार होती.

२९ मार्च

यशवंतराव आले. लिहायला सांगितलं नाही. स्वतः लिहिलेलं पत्र, पाकीट बंद. तिरकं लागलेलं तिकीट सरळ चिकटवलेलं.

पत्ता वाचला. छबूबाई. हेच गाव.

"यशवंतराव, घर चार पावलांवर आहे."

"पावलं मोजायला आलो न्हाई. शिक्का मारा."

मारला.

३० मार्च

चौपन्न. सोपानराव थैली उचलायला वाकले आणि "आयला!" म्हणाले. उगीच. एवढी जड नव्हती.

पोरं वेशीपर्यंत मागे गेली.

३१ मार्च

सोपानराव लवकर परतले. इन्स्पेक्टर काल चाकणला होते. थैली त्यांच्यापुढे उघडली. एकेक पाकीट हातात घेऊन पाहिलं म्हणे. चुना लागलेलं एक नखानं खरवडलं. मग निरोप दिला : "मास्तरांना सांगा, गोष्ट खरी निघाली."

चौकशी नाही. पण सोबत कागद आहे. चौपन्न पत्रं एका दिवसाची. पोस्ट कायम करायला रोजचं टपाल लागतं. तीन महिने मुदत वाढवली आहे. जूनअखेर पाहू.

न्याय्य आहे. मीही तेच लिहिलं असतं.

यशवंतरावांचं पत्र आजच्या थैलीत आलं. छबूबाईला नेऊन दिलं. म्हणालो, वाचून दाखवू? तिनं पाकीट उलटसुलट पाहिलं. अक्षर ओळखलं की काय कोण जाणे, तिला वाचता येत नाही. "नगं," म्हणाली. "माहीत हाय काय असंल ते." पाकीट फोडलं नाही. कमरेला खोवलं आणि दारावरून जाणाऱ्या यशवंतरावांना हाक मारली — "पाटील, ताक हाय, घिऊन जा." ते आत आले. दोन वर्षांत पहिल्यांदा, बहुतेक. मी निघून आलो.

आता शाळेत एकटा बसलोय. पेटी उघडून पाहिली. रिकामी. साहजिक आहे. ज्याला जे लिहायचं होतं ते त्यानं लिहिलं. प्रत्येकाला एक माणूस होतं, त्याला पत्र गेलं. झेंडे संपले. देव उठवून पत्रं लिहायला लावली, ती एकदाच होतात. उद्यापासून पुन्हा सोपानराव मोकळी थैली जड असल्यासारखी धरतील, आणि जूनअखेर तीही नाही.

उद्या शाळेत काय शिकवायचं ते काढून ठेवलं. टपालाचं टेबल आवरलं.

१ एप्रिल

सकाळी सातला दार वाजलं. छबूबाई. हातात कार्डाचे तीन पैसे. "दुर्गीला येक सांगायचं ऱ्हायलं."

तिच्यामागे ओट्यावर नऊ जण बसलेले. पैसे मुठीत धरून.

मी कोरं कार्ड काढलं, दौत घेतली. म्हटलं, सांगा. ती वळून ओट्याकडे पाहत म्हणाली, "आदी दार लावा."

लावलं.